दसऱ्यापासून मृगापर्यंत वाड्याबरोबर

मे २०२३ मध्ये मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. पेन्शनची कागदपत्रं मार्गी लागल्यावर धाकट्या भावाला, तात्याला, सांगितलं की यंदा वाड्याबरोबर मीही येणार. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आक्का, चार दिस ये. जमलं तर म्होरलं बघू." मी साडेसात महिने राहिले.

मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, चूल, पोरंबाळं असं जे सगळं बिऱ्हाड रानोरान हलतं, त्याला आम्ही धनगर वाडा म्हणतो. आमचा वाडा तीन बिऱ्हाडांचा: तात्याचं, चुलतभावाचं आणि चुलतभावाच्या मेहुण्याचं. सव्वातीनशे मेंढरं, अकरा शेळ्या, चार घोडी, पाच कुत्री. वस्ती माण तालुक्यात, म्हसवडच्या बाजूला. तिथं वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला तरी लोक समाधानी असतात. त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर पडतो. म्हणून आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या पाऊसकाळ सरला की पश्चिमेला, कृष्णेच्या खोऱ्यात उतरतात आणि मृगाच्या पावसावर माघारी फिरतात.

मी सहा वर्षांची होईपर्यंत या वाड्यावरच वाढले. पुढं शाळेसाठी मामाकडे राहिले, डी.एड. झाले, नोकरी लागली. आईवडील गेले ते वाड्यावरच्या आयुष्यातूनच गेले, आणि मी मात्र सुट्टीत भेटायला येणारी पाहुणी राहिले. ही रुखरुख मनात होती. म्हणून निघाले.

वडील होते तेव्हा नियम ठरलेला. म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला निघतो, त्याला हात लावायचा आणि मग वाडा हलवायचा. २०२३ला पावसानं दगा दिला. सप्टेंबरमध्येच माळावर गवताची काडी उरली नाही, ओढ्याचं पाणी आटलं. तात्यानं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, घोडी भरली. रथाला नंतर आम्ही बायका एसटीनं जाऊन आलो.

घोडं भरणं ही पहिली शिकण्याची गोष्ट. पहाटे चारला उठायचं. भावजय तोवर भाकरी थापायला बसलेली असते, कारण दिवसभराच्या भाकरी अंधारातच व्हाव्या लागतात. घोड्याच्या पाठीवर आधी जुनी वाकळ चौघडी करून टाकायची, तिला एकही सुरकुती राहता कामा नये. वर खोगीर. मग दोन्ही अंगांना दोन गोण्या: एकीत पीठ, मीठ, डाळ, दुसरीत भांडी आणि कपडे. दोन्हींचं वजन हातानं तोलून सारखं करायचं. त्यावर वाघर, म्हणजे रात्री मेंढरांभोवती उभी करायची जाळी, गुंडाळून. वाघरीवर कोंबड्यांचं डालगं. आणि सगळ्यात वर घोंगड्याच्या झोळीत दोन-चार दिवसांची कोकरं, नुसती तोंडं बाहेर काढलेली. तवा सगळ्यात शेवटी, कारण तो तोवर गरम असतो.

पहिल्या दिवशी माझ्या हातून एक गोणी जड भरली गेली. गोंदवल्याच्या अलीकडे खोगीर एका बाजूला कलंडलं आणि कोकरं ओरडायला लागली. भावजयीनं मुकाट्यानं सगळं उतरवलं, रस्त्याच्या कडेला पुन्हा भरलं. चालायला लागल्यावर एवढंच म्हणाली, "वज्जं सारखं बघत जावा आक्का. एका अंगाला जड झालं की घोड्याची पाठ लागती. मग म्हैनाभर त्याच्यावर काय टाकता येत न्हाई." पुढं महिनाभर मी प्रत्येक गोणी तिला दाखवून मगच बांधत होते.

चालण्याची रीत अशी: पुरुष मेंढरं घेऊन रानातून, बांधाबांधानं चरत चरत येतात. बायका घोडी घेऊन सडकेनं पुढं जातात, ठरलेल्या रानात उतरतात, तीन दगडांची चूल मांडतात, पाणी भरतात. दिवसाला आठ-दहा किलोमीटर, कोकरं फार असली तर त्याहून कमी. दहिवडी, वडूज, औंध, रहिमतपूर. एसटीत बसलं तर दुपारच्या जेवणाआधी पोचण्याचा रस्ता, आम्हाला अठरा दिवस लागले.

"ठरलेलं रान" हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता, त्याचा अर्थ आत्ता कळला. बाहेरच्याला वाटतं, जिथं चारा दिसेल तिकडं वाडा वळतो. तसं नसतं. तात्याच्या डोक्यात घरांची एक माळ आहे. या गावात अमक्यांचा मळा, पुढच्या गावात तमक्यांची विहिरीजवळची पट्टी. यातली बहुतेक घरं वडिलांनी जोडलेली, काही आजोबांनी. चारा दरवर्षी बदलतो, घर बदलत नाही. निघायच्या आधी पंधरा दिवस तात्या रोज संध्याकाळी फोन घेऊन बसायचा. सोयाबीन निघालं का, रान नांगरलं का, म्हातारीचं पाय दुखायचं कसं आहे. यातला शेवटचा प्रश्नही तो मनापासूनच विचारायचा.

शेतकऱ्याला मेंढरं का हवी असतात, हे माझ्या नातीनं, म्हणजे तात्याच्या नातीनं, हिशेबानं मांडून दाखवलं. ती नऊ वर्षांची, चौथीत. एक मेंढरू रात्रीत अर्धा किलोच्या आसपास लेंड्या टाकतं, हे मी तिला सांगितलं. तिनं मातीत काडीनं गुणाकार केला आणि दीड क्विंटलच्या वर आकडा काढला. मग मी पुढचं सांगितलं: साध्या शेणखतात नत्र अर्धा टक्का असतं, मेंढ्यांच्या खतात तीन टक्क्यांच्या घरात. शिवाय मूत जागच्या जागी मुरतं, खत वाहून न्यावं लागत नाही. ती उठून आजोबांकडे धावली आणि म्हणाली, "मग ते आपल्याला पैशे कमी देत्यात." त्या एका गणितावर वाड्यात रात्रभर चर्चा झाली.

रहिमतपूरच्या पुढच्या मळ्यात आमची दिवाळी झाली. त्या घरच्या काकी आता सत्तरी ओलांडलेल्या आहेत. आम्ही बांधावर दिसल्याबरोबर त्यांनी सुनेला हाक मारली आणि आतून एक तांब्याचा हंडा आणवला. चिंचेनं घासून लख्ख केलेला. तो माझ्या आईचा. वाटेत वागवायला जड म्हणून आईनं तो १९७८ साली त्यांच्याकडे ठेवला होता. वाडा त्या मळ्यात उतरला की हंडा बाहेर निघायचा, निघताना परत आत जायचा. आई जाऊन अकरा वर्षं झाली. काकी म्हणाल्या, "ती न्हाई म्हणून घासायचा न्हाई का?" मी त्या हंड्यातलं पाणी आधी पिऊन घेतलं, मग चूल मांडली.

पाडव्याला काकींनी मेंढरांना ओवाळलं. तात्यानं सकाळीच एडक्यांच्या पाठीवर गेरूचे ठिपके काढले होते. सुनेनं फराळाचा डबा आणला, आम्ही शेळीच्या दुधाची खीर दिली. आणि आईच्या रीतीप्रमाणे मी एक काळं घोंगडं दिलं, म्हसवडच्या सणगराकडून विणून घेतलेलं. लोकरीला आता कुणी विचारत नाही, कातरलेली लोकर पुष्कळ जण बांधावरच टाकून देतात. पण आमच्या वाड्यात काळ्या मेंढराची लोकर अजून बाजूला ठेवतात ती या घरांसाठी.

एक गोष्ट मात्र मला तिथंच टोचली. वडिलांच्या वेळी वाडा या मळ्यात पंधरा-पंधरा रात्री बसायचा. आता चारच रात्री मिळाल्या. काकींच्या मुलानं तोंड भरून स्वागत केलं, पण पाचव्या दिवशी ट्रॅक्टर येणार होता. सोयाबीन निघालं की लगेच ऊस लावायचा, रानात ठिबकच्या नळ्या पसरायच्या. नळ्या पसरल्या की मेंढरं आत घेता येत नाहीत. पाणी आलं, पिकं वाढली, दोन पिकांमधली मोकळी रात्र कमी झाली. काकींच्या मुलाची यात काही चूक नाही.

तिथून पुढं पुणे-मिरज लोहमार्ग ओलांडायचा होता. फाटकाशी तात्यानं आधी एका म्हाताऱ्या शेळीला पुढं काढलं. मेंढरं स्वतःहून रूळ ओलांडत नाहीत, रुळांच्या चकाकीला बुजतात, पण शेळी गेली की तिच्या मागं जातात. सव्वातीनशे जनावरं पलीकडे जाईपर्यंत कुणी बोललं नाही. महामार्गाचं त्यामानानं सोपं, उंब्रजजवळ पुलाखालून वाट आहे.

मसूरच्या बाजूला एका पहाटे दव पडलेलं असताना सहा-सात मेंढरं लसूणघासाच्या वाफ्यात घुसली. अर्ध्या तासात काबरी नावाच्या मेंढीचं डावं अंग ढोलासारखं ताठ झालं. ती पाय ताणून उभी, मान पुढं, डोळे बाहेर. तात्यानं कडुलिंबाची काडी तिच्या तोंडात लगामासारखी आडवी बांधली, म्हणजे ती चघळत राहते आणि लाळ सुटते. मग मला म्हणाला, "पुढलं पाय बांधावर ठिव. तोंड धर, सोडू नगंस." मी तिचं डोकं छातीशी धरलं. तिचा श्वास माझ्या गळ्यावर लागत होता, हिरव्या घासाचा उग्र वास. भावजयीनं अर्धी वाटी गोडेतेल बाटलीत घालून थोडं थोडं गालातून सोडलं. घाईनं ओतलं तर ते फुप्फुसात जातं आणि जनावर त्यानंच मरतं. तात्या डाव्या कुशीवर मुठीनं दाबत राहिला. वीस-पंचवीस मिनिटांनी तिला पहिला मोठा ढेकर आला. पोटाचा ताण हाताखाली उतरताना मला कळत होता. दुसरी एक तरणी मेंढी, पहिलटकरीण, तिच्याकडे आम्ही वळेपर्यंत गेली होती. भावजयीनं तिच्या कपाळाला हळद लावली आणि दिवसभर ती जेवली नाही.

डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत वाडा कराड-उंब्रज पट्ट्यात चार-पाच किलोमीटरच्या आतच फिरत राहिला. तिथं माझी स्वतःची एक मैत्रीण होती, आणि तिच्याकडे जायचं मी तीन आठवडे टाळलं.

१९८३ ते १९८५ आम्ही साताऱ्याला डी.एड.ला एका खोलीत राहिलो. तिचे वडील कराडला कारकून. माझे वडील काय करतात, असं तिनं विचारल्यावर मी "शेती" म्हणाले होते. खोलीतल्या बाकीच्या मुलींच्या घरी फोन, आंब्याच्या पेट्या, रविवारी भेटायला येणारे काका. माझे आईवडील त्या वेळी कुठल्या रानात आहेत, हे मलाही ठाऊक नसायचं. ते खोटं पुढं तसंच राहिलं. पस्तीस वर्षं आम्ही पत्रं लिहिली, लग्नांना गेलो, फोन केले, आणि हा विषय मी कधी काढला नाही.

शेवटी एका रविवारी सकाळी गेले. अंगाला धुराचा आणि मेंढरांचा वास होता, लुगड्याच्या काठात कुसळं. ती दारात बघतच राहिली. मी एका दमात सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती जवळ घेईल. तिला राग आला. "दोन वर्षं माझ्या शेजारी झोपत होतीस," ती म्हणाली, "आणि तुझ्या घरचं काही सांगू नये इतकी मी तुला परकी होते?" बराच वेळ स्वयंपाकघरात ती भांडी नुसतीच इकडून तिकडं ठेवत होती. मग पाणी तापवलं, माझ्या डोक्यावर स्वतः ओतलं. जेवताना पुन्हा एकदा रागावली. तिचं बरोबर होतं. मी जे लपवलं ते आईवडिलांचं आयुष्य होतं, आणि त्यात लपवण्यासारखं काहीही नव्हतं.

चौथ्या दिवशी ती स्कूटरवरून वाड्यावर आली. तिला निवृत्तीला अजून वर्ष होतं, जवळच्याच एका गावात मुख्याध्यापिका. चुलीजवळ बसून भावजयीकडून बाजरीची भाकरी खाल्ली आणि नातीला जवळ बोलावून वाचायला लावलं. मी निघतानाच गावच्या शाळेतून नातीचं शिक्षण हमी पत्रक घेऊन ठेवलं होतं. स्थलांतर करणाऱ्या पालकांच्या मुलांना त्यावर वाटेतल्या शाळेत बसता येतं, मुलाला काय येतं आणि काय शिकवायचं राहिलंय याची त्यात नोंद असते. शिक्षिका म्हणून मी अशी पत्रकं कितीतरी मुलांना भरून दिली होती. ती पुढं कुठल्या शाळेत पोचली की गोणीतच राहिली, याचा पाठपुरावा माझ्याकडून झाला नव्हता. नात मैत्रिणीच्या शाळेत काही आठवडे गेली. वाडा दुसऱ्या रानात गेला की मैत्रीण फोन करून विचारायची, उद्या कुठून येणार, वाटेत ओढा आहे का.

पौषात पालच्या खंडोबाला सगळे जाऊन आलो. तारळी नदीच्या वाळवंटात भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं, त्यात आमच्यासारखे कितीतरी वाडे. तिथं बायकांना वर्षभराची नातीगोती कळतात, सोयरिकी जुळतात. आम्हाला चुलतभावाच्या मुलीसाठी एक स्थळ तिथंच कळलं.

मार्चमध्ये वाळव्याकडे उतरलो आणि तिथं आमच्या हातून चूक झाली. रात्री कोल्ह्यांच्या ओरडण्यानं मेंढरं बुजली, वाघरीची एक मेख उपटली आणि शंभरएक जनावरं शेजारच्या उन्हाळी भुईमुगात गेली. उजाडेपर्यंत चार गुंठ्यांतलं पीक तुडवलं होतं. पाच-सात माणसं काठ्या घेऊन आली. आवाज चढले, एकानं चुलीवरचं पातेलं लाथेनं उडवलं. ज्यांच्या रानात आम्ही बसलो होतो ते काका धोतर सावरत मधे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यांचा बाप माझ्या बापाच्या तिरडीला खांदा द्यायला पन्नास मैल चालत आल्ता. नुकसान भरून दिल्याबिगर हे जायाचे न्हाईत, त्याचा जामीन मी." सकाळी नुकसान मोजलं, तात्यानं दोन पाटी, म्हणजे शेळीची मादी करडं, आणि रोख तीन हजार दिले. ज्यानं पातेलं उडवलं होतं त्याची बायको दुपारी तांदळाची पिशवी देऊन गेली. त्या काकांची ओळख नसती तर काय झालं असतं, हे वाड्यात कुणी बोललं नाही, पण त्या रात्री पुरुष आळीपाळीनं जागले.

मे महिन्यात परतीला लागलो. कडेगाव, विटा, मायणी. मेंढरांना सावली धरून चालवायची, दहानंतर झाडाखाली थांबायचं, चारला पुन्हा उठवायचं. टेंभू सिंचन योजनेच्या कालव्याला पाणी होतं त्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना ऊस आणि डाळिंब. लहानपणी मी इथं आईबरोबर दीड कोसावरून पाणी आणलं होतं. आता पाणी मुबलक आणि मेंढरं टेकायला जागा शोधावी लागली. आमच्या माणातही जिहे-कठापूर योजनेचं पाणी येऊ लागलंय, तेव्हा आमच्या भागातही हेच होईल, असं तात्या म्हणाला. ते बोलताना तो खूश होता की काळजीत, हे त्याच्या तोंडावरून मला ओळखता आलं नाही. बहुधा दोन्ही.

वाटेतल्या दोन घरी ठेवलेली धान्याची पोती परत घेतली. एका घरी सुनेनं पोत्यात कडुलिंबाचा पाला घालून ठेवला होता, एका दाण्याला कीड नव्हती. मृगाच्या तोंडावर म्हसवडहून पाऊस झाल्याचा फोन आला आणि शेवटचे चार मुक्काम आम्ही तीनच दिवसांत केले.

घरी आल्यावर मी दोनशे पानी वही काढली. वडिलांची घरांची माळ तात्याच्या डोक्यात आहे. त्याचा मुलगा पुण्यात गाडी चालवतो, त्याच्या डोक्यात ती नाही. नात मात्र विचारत असते. म्हणून एकेक घर लिहून घ्यायचं ठरवलं: गाव, कुठल्या खुणेवरून वळायचं, रान कधी मोकळं होतं, किती रात्री बसता येतं, घरात कोण कोण, काय न्यायचं. पाच संध्याकाळी लागल्या. एकोणीस घरं झाली. विसावं मी माझ्या मैत्रिणीचं लिहिलं. तात्या शेजारी बसून कान देऊन ऐकत होता, चुकलं की थांबवत होता.

"मसूरच्या म्होरल्या घरी लिव्ह," तो म्हणाला, "विहीर बुजवली आता. पानी वड्यावर, वायव्येला, दोन बांध सोडून. आन थोरल्या काकांना ऐकू येत न्हाई, म्हणून लांबनं हाका मारायच्या न्हाईत, म्होरं जाऊन हुभं ऱ्हायचं."